अठरा मिनिटे ऐका, मग विहारात प्रश्न विचारा

लातूर-नांदेडच्या क्लासेसमध्ये आपली मुले ‘नीट’साठी रात्रंदिवस राबतात, पण परीक्षेत न येणारा प्रश्न विचारायचा कुठे? अशा जिज्ञासू तरुणांना आम्ही ‘टेड’ची व्याख्याने सुचवतो. २००६ पासून ती ऑनलाइन मोफत आहेत; बहुतेक १८ मिनिटांच्या आत संपतात. काहींना मराठी उपशीर्षकेही आहेत. सुरुवात नायजेरियन लेखिका चिमामांडा अडिची यांच्या २००९ च्या व्याख्यानाने करा. एखाद्या समाजाची एकच बाजू वारंवार सांगितली की माणसांची प्रतिष्ठा कशी हिरावली जाते, हे त्या सांगतात. आपल्या वस्त्यांना हे नवे नाही. मात्र वक्ता नामवंत म्हणून मान डोलावू नका. कालाम सुत्तातला तथागतांचा उपदेश इथेही लागू आहे. रविवारी वंदनेनंतर विहारात एक व्याख्यान एकत्र पाहा आणि तेवढाच वेळ प्रश्नांना द्या.