‘सेव्ह झालं’ म्हणजे नक्की कुठे झालं? सी मधल्या फाईलची गोष्ट

मागच्या भागात पॉइंटर झाले आणि लगेच मेसेज सुरू झाले, ताई आता फाईल हँडलिंग घ्या, प्रॅक्टिकलला तेच येतं. घेऊया. पण एफओपनच्या व्याख्येने सुरुवात करणार नाही, ती तुमच्या वहीत आहेच. आज मी माझीच एक फजिती सांगणार आहे. फजिती हा शब्द तसा हलका आहे, कारण त्यात लोकांचे पैसे होते.

मी तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. माझ्या मामांचं गावात दूध संकलन केंद्र. सकाळ-संध्याकाळ मिळून 43 घरं दूध घालायची आणि दर दहा दिवसांनी दुधाचा पगार व्हायचा. मामा सगळं वहीत लिहायचे आणि पगाराच्या आदल्या रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसायचे. मी नुकतंच सी शिकलेली, अंगात वारं भरलेलं. म्हटलं मामा, मी प्रोग्रॅम करून देते, वही बंद करा.

प्रोग्रॅम साधा होता. एक टेक्स्ट फाईल, त्यात प्रत्येक सभासदाची एक ओळ: नंबर, आत्तापर्यंतचे लिटर, आत्तापर्यंतची रक्कम. सुरू झाला की फाईल वाचून ॲरेत भरायची. दूध मोजून झालं की बेरजा वाढवायच्या आणि सगळी ॲरे परत त्याच फाईलमध्ये लिहायची. 43 ओळी, जेमतेम एक केबी. आठ दिवस छान चाललं. मामांनी खरंच वही बंद केली. माझ्याच आग्रहाने, हे लक्षात ठेवा.

नवव्या दिवशी संध्याकाळी दूध संपलं, मामांनी सेव्ह केलं. स्क्रीनवर आलं, ‘सेव्ह झालं. कोणतंही बटण दाबा.’ तेवढ्यात एक आजी किटली विसरून निघाल्या म्हणून मामा ती द्यायला उठले आणि लाईट गेली. लोडशेडिंगचे दिवस होते, यूपीएस नव्हता. दोन तासांनी लाईट आली. फाईल उघडली तर शून्य बाईट.

मामांचा फोन आला. रागावले नव्हते, तेच जास्त लागलं. म्हणाले, “अगं, तुझा कॉम्प्युटर म्हणत होता सेव्ह झालं. मग गेलं कुठं? परवा पगार वाटायचाय मला.”

गेलं कुठं? आजचा पूर्ण भाग याच प्रश्नाचं उत्तर आहे.

कानाने कोड ऐकणं त्रासाचं असतं, म्हणून बोलून सांगते. माझा सेव्हचा भाग असा होता: एफओपन, मोड डब्ल्यू. मग लूपमध्ये 43 वेळा एफप्रिंटएफ. मग प्रिंटएफने ‘सेव्ह झालं’. मग गेटसीएच, म्हणजे बटणाची वाट. आणि त्यानंतर एफक्लोज.

पहिला गुन्हेगार डब्ल्यू. आपण शिकतो, आर म्हणजे वाचा, डब्ल्यू म्हणजे लिहा, ए म्हणजे शेवटी जोडा. परीक्षेत एवढ्यावर मार्क मिळतात. पण डब्ल्यूचा खरा अर्थ ‘आधी पुसा, मग लिहा’ असा आहे. आणि पुसणं होतं ते एफओपनच्या ओळीतच. तुम्ही पुढे एक अक्षरही लिहिलं नाही तरी जुना मजकूर गेलेला असतो. म्हणजे मामांनी सेव्ह म्हटल्याक्षणी आठ दिवसांचा जुना हिशोब डिस्कवरून संपला होता. आता सगळी भिस्त नवीन लिहिण्यावर.

आणि नवीन लिहिलेलं डिस्कवर गेलंच नव्हतं. हा दुसरा गुन्हेगार, बफर.

आता संकलन केंद्रातच उभे राहा. शेतकरी किटलीतलं दूध केंद्रावरच्या मोठ्या कॅनमध्ये ओततो. प्रत्येक किटलीमागे टँकर निघत नाही. कॅन भरले की टँकर येतो आणि टँकर शीतकरण केंद्राला पोचला की दूध सुखरूप. एफप्रिंटएफ म्हणजे किटली कॅनमध्ये ओतणं. तो कॅन म्हणजे बफर, तुमच्या प्रोग्रॅमच्या मेमरीत राखलेली जागा, साधारण काही हजार बाईटची. एफओपनने जो फाईल पॉइंटर मिळतो ना, त्याच्यामागे जे स्ट्रक्चर असतं त्यातच या कॅनचा पत्ता असतो. कॅन भरला, किंवा तुम्ही एफफ्लश म्हटलंत, किंवा एफक्लोज केलंत, की माल पुढे ऑपरेटिंग सिस्टीमकडे जातो. माझी फाईल एक केबीची. कॅन भरलाच नाही. 43 च्या 43 ओळी मेमरीत बसून होत्या, एफक्लोजची वाट बघत. आणि एफक्लोज बटणाची वाट बघत होता. आणि बटण दाबणारे मामा किटली घेऊन दारात!

असं का करतात? वेगासाठी. डिस्कला हाक मारणं मेमरीच्या मानाने फार महाग, त्यामुळे प्रत्येक छोट्या एफप्रिंटएफला खाली जायचं नाही असं ठरलंय. निर्णय शहाणपणाचाच आहे, फक्त आपल्याला तो कुणी नीट सांगत नाही. पेन ड्राईव्ह काढण्याआधी ‘सेफली रिमूव्ह’ करा म्हणतात त्यामागेही हीच भानगड आहे.

इथे कुणीतरी म्हणेल, ताई मी तर एफक्लोज कधीच लिहीत नाही, तरी फाईल बरोबर येते. येणारच. मेनमधून रिटर्न झालात किंवा एक्झिट बोलावलंत, तर सी ची लायब्ररी जाता जाता उघड्या फाईलींचे कॅन रिकामे करून जाते. पण प्रोग्रॅम सेगमेंटेशन फॉल्टने पडला, कुणी किल केला किंवा लाईट गेली तर कुणीच काही रिकामं करत नाही. लॅबमध्ये प्रोग्रॅम नेहमी नीट संपतो, म्हणून ही सवय लॅबमध्ये कधी पकडली जात नाही.

बरं, एफफ्लश केलं म्हणजे झालं का? नाही. तेव्हा दूध फक्त टँकरमध्ये चढलं. ऑपरेटिंग सिस्टीमसुद्धा मेमरीतच काही काळ धरून ठेवते, सवडीने डिस्कवर उतरवते. प्रोग्रॅम पडला तर आता चिंता नाही, पण लाईट गेली तर आहे. टँकर पोचल्याची पावती हवी असेल तर लिनक्सवर एफसिंक नावाची हाक आहे. विंडोजवर तेच काम अंडरस्कोर कमिट करतं. ही दोन्ही मूळ सी च्या स्टँडर्डमध्ये नाहीत, ऑपरेटिंग सिस्टीमची आहेत, म्हणून पुस्तकातल्या फाईलच्या धड्यात सहसा सापडत नाहीत. क्रम पाठ करा: आधी एफफ्लश, मग एफसिंक. उलटं केलंत तर रिकामा टँकर पाठवल्यासारखं.

तिसरी चूक सर्वात साधी. मी एकाही फंक्शनला विचारलं नव्हतं की बाई, तुझं काम झालं का. एफओपन फसला तर नल देतो. तो न तपासता पुढे लिहायला गेलात तर प्रोग्रॅम बहुधा तिथेच आडवा. विंडोजवाल्यांसाठी एक खास खड्डा: पाथमध्ये बॅकस्लॅश एकदाच लिहिलात आणि फोल्डरचं नाव टी किंवा एन ने सुरू होत असेल, तर सी त्याचा टॅब किंवा नवी ओळ करून टाकतं. मग फाईल समोर दिसत असते आणि एफओपन नल देत बसतो. बॅकस्लॅश दोनदा लिहायचा. माझी एक अख्खी दुपार यात गेली आहे.

पण खरी गोम एफक्लोजच्या उत्तरात आहे. डिस्क भरलेली असली तरी एफप्रिंटएफ खुशाल ‘लिहिलं’ म्हणतो, कारण त्याने कॅनमध्ये ओतलेलं असतं. जागा नाही हे कळतं कॅन रिकामा करताना, म्हणजे बऱ्याचदा एफक्लोजला. तो शून्य देतो तर ठीक, ईओएफ देतो तर तुमची फाईल अपुरी आहे. आणि एफक्लोजचं उत्तर कुणीही बघत नाही. मी तर ‘सेव्ह झालं’ त्याच्याही आधी छापून मोकळी झाले होते!

जाता जाता, माझ्या पहिल्या आवृत्तीत 43 नंबरचे सभासद यादीत दोनदा यायचे. ते खूश होते. कारण मी वाचताना ‘एफईओएफ येईपर्यंत वाच’ असा लूप लावला होता. एफईओएफ ‘पुढे काही नाही’ असं आधी सांगत नाही. वाचायचा प्रयत्न करून हात रिकामा परत आला की मगच सांगतो. त्यामुळे शेवटची फेरी जुन्याच आकड्यांवर होते. उपाय: एफस्कॅनएफने किती गोष्टी वाचल्या ते बघा. माझ्या ओळीत तीन होत्या. तीन आल्या तोवर लूप, नाहीतर बाहेर.

आता मामांकडे परत जाऊ. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने गेले. प्रत्येक सभासदाकडे दुधाचं कार्ड असतं, रोजच्या मापाची नोंद त्यावर मामा हाताने करायचे. ती सवय मी मोडली नव्हती, हे नशीब. मामांनी घरोघर निरोप दिला आणि आम्ही दोघांनी रात्री उशिरापर्यंत कार्डांवरून बेरजा केल्या. 40 कार्डं मिळाली. एक भिजलेलं, दोन हरवलेली. त्या तिघांना मामांनी मागच्या पगाराएवढे पैसे दिले, वर थोडे जास्तच. मी म्हटलं, कमी असतील तर? म्हणाले, “जास्त गेले तर माझे गेले. कमी गेले तर उद्यापासनं मापावर कोण विश्वास ठेवंल?”

मग प्रोग्रॅम परत लिहिला, दोन बदल करून.

पहिला बदल, मूळ फाईलला डब्ल्यूने हात लावायचाच नाही. नवीन हिशोब वेगळ्या नावाच्या फाईलमध्ये लिहायचा. एफफ्लश, एफसिंक किंवा त्याचा भाऊ, मग एफक्लोज, सगळ्यांची उत्तरं तपासायची. सगळं ठीक असेल तरच रिनेम करून नवीन फाईल जुनीच्या जागी बसवायची. लिनक्सवर रिनेम हे एका झटक्यात होतं, बघणाऱ्याला एकतर पूर्ण जुनी फाईल दिसते किंवा पूर्ण नवी, अर्धवट कधीच नाही. विंडोजवर सी चा रिनेम त्या नावाची फाईल आधीच असेल तर नकार देतो. म्हणून मी आधी जुनीला ‘जुनी’ असं नाव द्यायचे, मग नवीला मूळ नाव. मधल्या क्षणी लाईट गेलीच, तर सुरू होताना प्रोग्रॅम ‘जुनी’ उचलायचा. म्हणजे वाईटात वाईट एका वेळचं दूध परत भरावं लागणार, नऊ दिवसांचं नाही.

दुसरा बदल मला मामांच्या वहीने सुचवला. वहीत ते कधी मागचं खोडून नवी बेरीज लिहीत नव्हते. प्रत्येक माप नवीन ओळीवर. हा तर ए मोड झाला! मी दुसरी एक फाईल ए ने उघडायला लागले: तारीख, वेळ, सभासद, लिटर, रक्कम, प्रत्येक मापाची एक ओळ आणि लगेच एफफ्लश. बेरजेची फाईल अख्खी उडाली तरी या ओळींवरून पुन्हा बांधता येते. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये ॲप्सचा डेटा ठेवणारी एसक्यूलाइट असते ना, ती सी मध्येच लिहिलेली आहे, आणि तीही मूळ फाईलशी खेळण्याआधी किंवा खेळताना अशीच वेगळी नोंद ठेवते. फोन मधेच बंद पडला तर पुढच्या वेळी त्या नोंदीवरून सावरते.

मामांनी मात्र वही पुन्हा सुरू केली. मी काही बोलले नाही.

आता घरचा अभ्यास. लिनक्सवर ‘स्लॅश देव्ह स्लॅश फुल’ नावाची एक खोटी फाईल असते. ती कायम भरलेल्या डिस्कसारखी वागते. तिला डब्ल्यूने उघडा, एफप्रिंटएफने एक ओळ लिहा, त्याने दिलेला आकडा छापा. मग एफक्लोज करा आणि त्याचाही आकडा छापा. पहिला म्हणेल सगळं मस्त, दुसरा खरं सांगेल. मग मध्ये एफफ्लश घालून बघा, खरं बोलणारा कुठे सरकतो ते. काय दिसलं त्याचा स्क्रीनशॉट पाठवा.

पुढच्या भागात एफसीक, म्हणजे फाईलच्या मधल्याच एका सभासदाचा आकडा बाकीच्यांना न हलवता कसा बदलायचा. त्यासाठी स्ट्रक्चर तेवढं वाचून या. भेटू, बाय!