लहान खोली, गडद रंग

खोली लहान असेल तर भिंतींना फिकाच रंग द्यावा, हा सल्ला आपल्याकडे घरातील वडीलधाऱ्यांपासून रंगाच्या दुकानदारापर्यंत सर्वच देतात. तो इतका रूढ झाला आहे की त्यामागचे कारण सहसा कोणी विचारीत नाही. दुसरीकडे, गृहसजावटीच्या छायाचित्रांत गर्द निळ्या, शेवाळी, कोळशासारख्या करड्या रंगाच्या चिमुकल्या खोल्या दिसतात आणि त्या विलक्षण देखण्या वाटतात. साहजिकच दिवाळीपूर्वी घर रंगवायला काढले की पुष्कळ घरांत या प्रश्नावरून दोन तट पडतात.

ठाण्यातील एका कुटुंबात असेच घडले. बेताची सदनिका, तिच्यातील दहा फूट लांब व नऊ फूट रुंद अशी आतली खोली आजी आणि महाविद्यालयात शिकणारी नात या दोघींची. खिडकी एकच, तीही शेजारच्या इमारतीकडे उघडणारी. नातीला चारही भिंती गर्द निळ्या हव्या होत्या. आजींचे वय अठ्ठ्याहत्तर. एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, दुसऱ्याची व्हायची. सकाळी स्नान आटोपून आपल्या खाटेवर पोथी वाचीत बसण्याचा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. “अगं, अंधारकोठडी होईल खोलीची,” असे त्या म्हणाल्या. “आजी, खोली माझीही आहे ना?” असे नातीने विचारले. दोघींचेही म्हणणे खरे होते, आणि अडचण नेमकी तीच होती.

अशा वेळी आवडीनिवडीचा वाद घालण्यापूर्वी थोडा हिशेब मांडून पाहणे श्रेयस्कर ठरते. प्रत्येक रंगछटा आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी ठरावीक भाग परतवते. स्वच्छ पांढरा रंग सुमारे ८० ते ९० टक्के प्रकाश परतवतो. गर्द निळा किंवा करडा जेमतेम ५ ते १० टक्के. खिडकीतून आलेला प्रकाश एकदाच भिंतीवर आपटून संपत नाही. तो एका भिंतीवरून दुसरीवर, तिथून छतावर, पुन्हा जमिनीवर असा फिरत राहतो आणि प्रत्येक फेरीत थोडा थोडा गिळला जातो. हे काहीसे चक्रवाढ व्याजासारखेच आहे. दरात थोडा फरक पडला तरी अखेरची रक्कम बरीच बदलते.

या खोलीची उंची नऊ फूट धरली, तर भिंतींचे क्षेत्रफळ ३४२ चौरस फूट आणि छत व जमीन प्रत्येकी ९० चौरस फूट होते. छत पांढरे, फरशी मध्यम रंगाची आणि चारही भिंती फिक्या असतील, तर या येरझाऱ्यांमुळे खोलीतील एकंदर प्रकाश थेट आलेल्या प्रकाशाच्या सुमारे पावणेतीनपट होतो. चारही भिंती गर्द केल्या की तोच आकडा सव्वा ते दीडपटीच्या दरम्यान येतो. म्हणजे निम्म्याहून अधिक प्रकाश गेला. मात्र एकच लांब भिंत गर्द केली आणि उरलेल्या तीन फिक्या ठेवल्या, तर तो सव्वादोनपटीच्या आसपास राहतो. कपाटे, पडदे, अंथरुणे यांचा विचार न केलेला हा ठोकताळा आहे हे खरे. तरीही चार भिंती आणि एक भिंत यांतील अंतर त्यातून पुरेसे स्पष्ट होते.

निम्मा प्रकाश गेला म्हणून खोली निम्मी अंधारी वाटते असे मात्र नाही. तरुण डोळा मंद उजेडाला सहज सरावतो. वयोमानाप्रमाणे बाहुली लहान होत जाते, भिंग पिवळसर पडते. विशीतील डोळ्याच्या तुलनेत साठीतील डोळ्याच्या पडद्यापर्यंत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. एकाच खोलीत बसलेल्या आजी आणि नात प्रत्यक्षात दोन वेगळ्या खोल्या पाहत असतात. “चांगला उजेड आहे की!” असे तरुण मंडळी म्हणतात तेव्हा ती खोटे बोलत नसतात, एवढे ज्येष्ठांनीही मान्य करायला हरकत नाही.

आता नातीची बाजू. गडद रंगाने खोली लहानच दिसते, हे सरसकट विधान टिकत नाही. फिक्या भिंतीवर कोपरे आणि कडा ठसठशीत उमटतात, त्यामुळे खोली कुठे संपते ते डोळ्यांना तत्काळ कळते. गर्द भिंतीवर, विशेषतः रात्री एखाद्याच दिव्याच्या उजेडात, या कडा विरघळतात आणि भिंत नेमकी किती अंतरावर आहे याचा अंदाज लागेनासा होतो. छायाचित्रांतील त्या खोल्यांची मोहिनी बरीचशी इथेच आहे. उंचीच्या बाबतीत मात्र वडीलधाऱ्यांचाच पक्ष बळकट आहे. जर्मनीतील माइन्झ विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत छत फिके असेल तर ते अधिक उंच भासते आणि भिंती फिक्या असल्या तरीही उंची वाढल्यासारखी वाटते, असे आढळले होते. तेव्हा छतालाही निळा रंग देण्याची नातीची सूचना पहिल्याच बैठकीत बारगळली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. पांढरा रंग प्रकाश निर्माण करीत नाही. आलेला प्रकाश तो फक्त परतवतो. ज्या खोलीत मुळातच उजेड येत नाही, तिथे पांढऱ्या भिंती उजळ न दिसता मळकट, राखाडी दिसतात. जुन्या वाड्यांतील माजघर हे त्याचे उलट उदाहरण म्हणता येईल. चहूबाजूंच्या खोल्यांमुळे तिथे उजेड बेताचाच असे. पण सागवानी खांब, काळसर तुळया आणि समईचा उजेड यांमुळे ती जागा उदास न वाटता निवांत वाटे. केवळ झोपण्यापुरती वापरायची खोली किंवा लहानसा बोळ यांना गर्द रंग शोभतो तो याच न्यायाने. दिवसा जिथे वाचन, शिवण, निवडणे-टिपणे चालते, त्या खोलीचा विचार निराळा.

ठाण्याच्या घरी पुढची चर्चा कोणती भिंत, यावर आली. खिडकीची भिंत गर्द करावी, कारण तिच्यावर थेट उजेड पडतच नाही आणि नुकसान सर्वांत कमी, असे नातीच्या वडिलांचे म्हणणे. हिशेबाने ते बरोबर होते. पण गर्द भिंतीच्या मधोमध झगझगीत खिडकी आली की डोळे दिपतात, आणि मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला तो त्रास दुप्पट जाणवतो. शिवाय ती बाहेरची भिंत. पावसाळ्यात तिला ओल येते. फिक्या भिंतीवर लोणा लागला तरी तो चटकन नजरेत भरत नाही. गर्द निळ्यावर मात्र पांढरी नक्षीच उमटते. खिडकीसमोरची भिंत तर सर्वाधिक उजेड झेलून आत परतवणारी. तिला हात लावणे शहाणपणाचे नव्हते. उरल्या दोन लांब भिंती. त्यांपैकी एकीला आजींची खाट आणि कपाट, दुसरीला नातीचे टेबल. टेबलाची भिंत मुक्रर झाली.

दुकानातील छटापत्रिकेवरचा दोन बोटांचा तुकडा पाहून रंग ठरवणे ही सर्वांत सामान्य चूक. लहान खोलीत भिंतींचा रंग एकमेकींवर पडून आणखी गहिरा होतो. म्हणून रंगाऱ्याने थोडा नमुना आणून दोन फुटी पुठ्ठ्यावर लावला आणि तो पुठ्ठा दोन दिवस भिंतीला टेकवून ठेवला. नातीने निवडलेली छटा सकाळी सुंदर दिसली, पांढऱ्या ट्यूबच्या उजेडातही बरी वाटली. पिवळसर दिव्याखाली मात्र ती चक्क काळी झाली. दोन पायऱ्या उजळ अशी दुसरी छटा तिने स्वतःच निवडली. हा पुठ्ठा आणला नसता तर दिवाळीत घरात काय झाले असते, याची कल्पना केलेली बरी!

खर्चाचेही आधीच बोलून घ्यावे. गर्द छटांसाठी वेगळा बेस लागतो आणि त्यात रंगद्रव्यही अधिक पडते, त्यामुळे लिटरमागे दर चढा असतो. फिक्या रंगाचे दोन हात पुरतात, तिथे गर्द रंगाला बहुधा तिसरा हात द्यावा लागतो. भिंत आधी पुट्टी भरून, पॉलिश पेपरने घासून सपाट करून घेणे अपरिहार्य, कारण गर्द रंगाला चकाकी असेल तर गिलाव्याची प्रत्येक लाट तिच्यावर उठून दिसते. चकाकी टाळली तर हाताचे पुसट डाग राहतात. यांतून सुटका नाही. कोणता दोष चालेल एवढेच ठरवायचे. भाड्याच्या घरात किंवा बदलीच्या नोकरीत तर दुप्पट विचार करावा. घर सोडताना निळी भिंत पुन्हा पांढरी करायची म्हणजे प्रायमर आणि वरून रंगाचे जादा हात आलेच.

या कुटुंबाने नव्वद चौरस फुटांच्या भिंतीसाठी एकेक लिटरचे दोन डबे आणले. दुकानात कालवलेल्या दोन डब्यांत छटेचा किंचित फरक पडू शकतो, म्हणून रंगाऱ्याने दोन्ही एका बादलीत एकत्र केले. पावसाळा सरल्यावर भिंती पुरत्या वाळू दिल्या आणि मगच कामाला हात घातला. उरलेल्या तीन भिंतींना साय रंग लागला, छत पांढरे राहिले.

रंग वाळल्यावर एक गोष्ट कोणाच्याही हिशेबात नसलेली निघाली. खोलीचा विजेचा बोर्ड त्याच निळ्या भिंतीवर आहे. पूर्वी फिक्या भिंतीवर तो पांढरा बोर्ड आजींना दिसत नसे. रात्री उठल्या की भिंत चाचपडत त्या बटण शोधीत. आता निळ्यावरचा पांढरा चौकोन खाटेवरूनही, अंधूक उजेडात त्यांना दिसतो. पोथीसाठी नातीने खाटेच्या उशाशी वाचनाचा एक दिवा बसवून दिला आहे. बादलीत उरलेला अर्धा लिटर रंग पुन्हा डब्यात भरून माळ्यावर ठेवलेला आहे. न्हाणीघराच्या दाराची पांढरी चौकट पांढऱ्या भिंतीत हरवून जाते, तिला तो लावता येईल का, असे परवा आजींनी रंगाऱ्याला फोन करून विचारले. लाकडाला हा रंग चालणार नाही, त्यासाठी तैलरंगाचा छोटा डबा त्याच छटेत आणावा लागेल, असे त्याने सांगितले आहे.