समुद्रावर जायचे, तर किनारा कोणता?

मंडळी, आपले शेवगाव समुद्रापासून फार लांब. गोदावरी आपल्या तालुक्याच्या कडेने जाते खरी. पण ती पूर्वेला, बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. आपल्याला जवळचा समुद्र पश्चिमेचा, म्हणजे कोकणातला. तो बघायला घाट उतरावा लागतो.

सुगी सरली की पुष्कळ घरची माणसे निघतात. कोणी गणपतीपुळ्याला जाते, कोणी हरिहरेश्वरला, कोणी अलिबागला. देवदर्शन होते. पोराबाळांना समुद्र दिसतो. चार दिवस जिवाला विसावा मिळतो. हे चांगलेच आहे. पण सगळे किनारे सारखे नसतात. रान घेताना आपण त्याचा उतार बघतो, पाणी बघतो. किनाराही तसाच बघून घ्यावा.

आपल्याकडचे गडी विहिरीत सूर मारतात. त्यांना वाटते, आपल्याला पोहता येते, मग भीती कसली? पण विहिरीचे पाणी जागच्या जागी असते. समुद्राचे पाणी माणसाला ओढून नेते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला गेलेले १४ विद्यार्थी रायगड जिल्ह्यातल्या मुरूडला समुद्रात बुडून मेले. शिकलेली, तरणीताठी मुले ती. आणि तेव्हा पावसाळाही नव्हता.

उतार कसा ओळखावा?

पाणी मागे हटल्यावर लांबवर सपाट, ओली वाळू उघडी पडत असेल, तर उतार थोडा आहे असे समजावे. वाळू जाड असेल आणि लाट अगदी काठाशी येऊन आदळत असेल, तर उतार उभा आहे. तिथे चार पावलांत पाणी गळ्याला लागते. पोरेबाळे बरोबर असली तर सपाट किनारा निवडावा.

भरती केव्हा, ओहोटी केव्हा?

समुद्राचे पाणी चढते, ती भरती. उतरते, ती ओहोटी. चंद्राच्या आणि सूर्याच्या ओढीने हे घडते. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी होते. मग पाणी पुन्हा चढू लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत जास्त चढते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास कमी चढते. त्याला भांग म्हणतात.

कोकणात याचा एक सोपा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन. म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा. म्हणजे सहाच्या सुमारास. ही वेळ दिवसाही धरावी आणि रात्रीही. हिशेब ढोबळ आहे. नक्की वेळ तिथल्या कोळी बांधवांना विचारावी.

अलिबागला ओहोटीच्या वेळी लोक कुलाबा किल्ल्यात पायी जातात. भरती सुरू झाली की परतीची वाट बुडते. म्हणून पाणी चढण्याआधीच परत फिरावे. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेची वाट समुद्राकाठच्या खडकांवरून जाते. भरतीच्या वेळी त्या वाटेला जाऊ नये. गणपतीपुळ्याचा किनारा देखणा आहे, पण तिथे पाणी लवकर खोल होते आणि ओढही मोठी असते. तिथे दर्शन घ्यावे, समुद्राला लांबून हात जोडावे.

ओढ कुठे असते?

दोन्ही बाजूंना लाटा फुटत आहेत आणि मधला पट्टा शांत दिसतो. नवख्या माणसाला वाटते, इथेच उतरावे. पण पुष्कळदा लाटांचे आलेले पाणी त्याच पट्ट्यातून आत परतत असते. तोच धोका. कोणी त्यात सापडलेच, तर काठाकडे सरळ झुंजू नये. त्याने दम जातो. अंग पाण्यावर तरंगते ठेवावे, हात वर करून हाका माराव्यात. ताकद असेल तर काठाला समांतर, आडवे पोहत बाजूला व्हावे आणि मग काठाकडे यावे. काठावरच्यांनी मागोमाग उडी घालू नये. एकाला वाचवताना दोघे जातात. दोर, रिकामा बंद डबा, जे तरंगेल ते फेकावे. जीवरक्षकाला बोलवावे. ११२ नंबरला फोन करावा.

आणखी काय बघावे?

किनाऱ्यालगत गाव असावे. जीवरक्षक असावा. पिण्याचे पाणी, संडास आणि बायाबापड्यांना कपडे बदलायला आडोसा असावा. खोली ठरवण्याआधीच हे विचारून घ्यावे. गावाचे नावही नीट सांगावे. मुरूड एक रायगडात आहे, दुसरे दापोलीजवळ, रत्नागिरी जिल्ह्यात. नाहीतर एका मुरूडला खोली आणि दुसऱ्या मुरूडला एस.टी., असे व्हायचे!

जायला डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. त्या दिवसांत पाण्यात उतरूच नये.

लक्षात ठेवा

१. लाल बावटा दिसला तर पाण्यात जाऊ नये.
२. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये. पोरांचा हात सोडू नये.
३. दारू पिऊन, किंवा अंधार पडल्यावर, पाण्यात उतरू नये.
४. कोळी बांधव "नको" म्हणाले, तर ऐकावे. त्यांचा जन्म त्या पाण्यावर गेला आहे.