४७५ म्हणजे काय रे भाऊ?

जुन्या डिझेल इंडिकाचं आरसी बुक हाती लागलं तर आधी इंजिन नंबर बघा. त्याची सुरुवातच ४७५ने होते. आता मोबाइलमधला कॅलक्युलेटर काढा. पहिला ४ म्हणजे चार सिलिंडर. उरलेले ७५ म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, ७५ मिलिमीटर. पिस्टन खालून वर जेवढा सरकतो तो स्ट्रोक, या इंजिनात ७९.५ मिलिमीटर. नववी-दहावीत वृत्तचितीचं घनफळ काढायचो, तेच गणित सेंटिमीटरमध्ये मांडा. त्रिज्या ३.७५, तिचा वर्ग १४.०६, गुणिले ३.१४१६, झाले ४४.१८. त्याला ७.९५ने गुणलं की ३५१.२. हा एक सिलिंडर. चारांचे मिळून १४०५. आरसीवर सीसीच्या रकान्यात किती लिहिलंय? १४०५!

हे पहिल्यांदा जुळतं तेव्हा फार मजा येते. ब्लॉकवर ठोकलेली ती अक्षरं आणि आकडे म्हणजे कारखान्याची कसलीतरी अगम्य खूण असावी, असं आपण धरून चाललेलो असतो. पण ते इंजिन स्वतःबद्दल काहीतरी सांगत असतं. काय सांगायचं आणि काय गाळायचं, हे मात्र प्रत्येक कंपनीनं आपापलं ठरवलंय.

हे वाचायला शिकण्यासाठी बऱ्हाणपूरइतकी सोयीची जागा नाही. इंदूर-इच्छापूर रस्ता गावाला लागूनच जातो. केळीचे ट्रक, बोलेरो पिकअप, माणसांनी गच्च भरलेल्या तूफान, एमपी-६८च्या शेजारी एमएच-१९च्या गाड्या. रस्त्याच्या कडेला अर्धा तास थांबलात तरी चार देशांची इंजिनं समोरून जातात.

हत्ती चालतो अर्ध्या इंडिकावर

टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, २००५ साली आला. त्याच्या डिझेल इंजिनाचं नाव २७५. वरचा नियम लावा: दोन सिलिंडर, बोअर ७५. म्हणजे इंडिकाच्या इंजिनाचा सरळ अर्धा भाग. १४०५चे निम्मे ७०२.५, आणि छोट्या हत्तीची क्षमता ७०२ सीसी. नवं इंजिन मुळापासून घडवण्याचा खर्च वाचला आणि बाजारात अडीच-तीन लाखांच्या आत बसेल अशी चारचाकी उभी राहिली. गल्लीबोळात माल पोचवण्याचं सगळं चित्रच त्या अर्ध्या इंजिनानं बदललं.

नॅनोचं इंजिन २७३. बोअर खरं तर ७३.५ मिलिमीटर, नावात अर्धा मिलिमीटर गाळलाय. स्ट्रोकही ७३.५च. गणित करा, ६२४ सीसी येतात. सुमो, सिएरा, टाटामोबाइल यांचं ४८३: बोअर ८३, स्ट्रोक ९०, १९४८ सीसी. टाटा ४०७मध्ये बसणारं ४९७: बोअर ९७, स्ट्रोक १००, २९५६ सीसी. आणि मोठ्या ट्रकचं ६९७: बोअर तोच ९७, पण सिलिंडर सहा आणि स्ट्रोक १२८, म्हणून ५६७५ सीसी. एकाच नियमात नॅनोपासून ट्रकपर्यंत सगळं खानदान बसतं. इतकी शिस्तीची पद्धत दुसऱ्या कुठल्या भारतीय कंपनीत मला दिसली नाही.

एक सावधगिरी. ट्रकच्या तोंडावर लिहिलेलं १६१३ हा इंजिनचा कोड नाही. ते गाडीचं नाव: साधारण १६ टन एकूण वजन आणि १३० अश्वशक्तीच्या आसपास ताकद. ही पद्धत मर्सिडीजची. टाटांनी १९५४ साली जमशेदपुरात मर्सिडीजच्या साथीनं ट्रक बांधायला घेतले, तेव्हापासूनचा हा वारसा. आणि सुमो हे नाव ना वजनावरून आलं ना जपानी पैलवानांवरून. टाटांच्या टेल्कोची उभारणी करणाऱ्या सुमंत मूळगावकरांच्या नाव-आडनावाची पहिली अक्षरं आहेत ती.

मिस्त्रीकडे इंजिन खोललं आणि बोअर मारला, तर हे गणितही बदलतं. समजा ४७५चा बोअर अर्ध्या मिलिमीटरनं वाढवून ओव्हरसाइज पिस्टन टाकले, तर क्षमता १४२४ सीसीच्या जवळ जाते. आरसीवर १४०५च राहतात, पण आतलं इंजिन १९ सीसीनं वाढलेलं असतं.

पिकअपमधले इंच

बोलेरो आणि पिकअपच्या कित्येक वर्षांच्या आरसीवर २५२३ सीसी लिहिलेले आहेत. इतका आडनिडा आकडा का? बोअर ८८.९ मिलिमीटर आणि स्ट्रोक १०१.६, हेही तसेच आडनिडे. इंचात मोजा आणि सगळं सरळ होतं. बोअर साडेतीन इंच, स्ट्रोक बरोब्बर चार इंच. कारण या इंजिनाचा पूर्वज इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टरमधला. तिथं त्याचं नाव होतं बीडी-१५४, आणि १५४ म्हणजे १५४ घन इंच. एक घन इंच म्हणजे १६.३९ सीसी, गुणाकार केला की २५२३च्या अगदी जवळ येऊन थांबतो. महिंद्रानं १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्यासोबत ट्रॅक्टरची कंपनी काढली, त्या घरातलं हे रक्त. पुढे त्याला टर्बो लागला, मग कॉमन रेल आली, पण बोअर-स्ट्रोकचे इंच तसेच राहिले. ट्रॅक्टर जिथं नांगरतो त्याच शेतातली केळी उचलायला त्याचाच वंशज येतो, हे मला फार आवडतं.

जीपचंही तसंच. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपचं इंजिन एल-१३४, आणि नंतर महिंद्राच्या सीजे-३बीमध्ये आलेलं एफ-१३४. दोन्हींत १३४ घन इंच, म्हणजे सुमारे २.२ लिटर. अक्षर व्हॉल्व्हची मांडणी सांगतं. एल म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला ब्लॉकमध्ये. एफ म्हणजे हवा आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेला, धूर सोडणारा खालीच राहिला. दोन अक्षरांमधला फरक, पण एफमध्ये इंजिनाला श्वास मोकळा झाला आणि ताकद वाढली.

मग महिंद्रा फ्रेंचांकडे गेली. प्यूजोच्या एक्सडीपी ४.९० इंजिनाचं नाव वाचून बघा, आता जमेल. ४ सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर, टाटांचाच नियम. स्ट्रोक ८३, क्षमता २११२ सीसी. एमएम ५४० डीपी या जीपच्या नावातले डी आणि पी म्हणजे डिझेल आणि प्यूजो. महिंद्राचा इंजिनांचा कारखाना इगतपुरीला. मुंबईहून बऱ्हाणपूरला येणारी गाडी घाट चढून ज्या स्टेशनात दम खाते, तेच इगतपुरी.

मारुती: आकार सांगते, सिलिंडर सांगत नाही

सुझुकीची पद्धत वेगळी. पहिलं अक्षर घराण्याचं, मधला आकडा क्षमतेचा, शेवटचं अक्षर त्या घराण्यातल्या आवृत्तीचं. १४ डिसेंबर १९८३ला पहिली मारुती ८०० दिल्लीत सुपूर्द झाली. तिच्यातलं इंजिन एफ८बी: एफ घराणं, ८०० सीसीच्या जवळपास, बी आवृत्ती. नेमके ७९६ सीसी, तीन सिलिंडर. ऑम्नीतही हेच. ऑल्टोत एफ८डी आलं. क्षमता तीच ७९६, पण व्हॉल्व्ह सहाचे बारा झाले.

पुढची यादी आता तुम्हीच वाचाल. जिप्सीचं एफ१०ए ९७० सीसी, ए-स्टारचं के१०बी ९९८, स्विफ्टचं के१२एम ११९७, एर्टिगाचं के१४बी १३७३, के१५बी १४६२, बलेनो सेडानचं जी१६बी १५९०. सगळे आकडे जवळच्या शंभरात बसतात. एक अपवाद खटकतो. वॅगन आरचं जुनं एफ१०डी १०६१ सीसीचं आहे. हिशेबानं ते एफ११ व्हायला हवं होतं. हेच इंजिन ऑल्टोत बसवलं तेव्हा गाडीवर १.१ असं लिहिलं, पण ब्लॉकवर १०च राहिलं.

या पद्धतीत एक गोष्ट अजिबात कळत नाही, ती म्हणजे सिलिंडर किती. के१२एनही ११९७ सीसीचं आणि २०२४च्या नव्या स्विफ्टमधलं झेड१२ईही ११९७चंच. पहिल्यात चार सिलिंडर, दुसऱ्यात तीन. कोड बघून हे ओळखणं अशक्य. बदललेलं घराणं मात्र पहिल्या अक्षरातून लगेच कळतं.

एक इंजिन, अनेक नावं

आणि आता माझं सगळ्यात लाडकं. मारुतीच्या डिझेल गाड्यांतलं डी१३ए. मुळात ते फियाटचं १.३ मल्टिजेट. बोअर ६९.६, स्ट्रोक ८२, क्षमता १२४८ सीसी. २००५ साली एक ते १.४ लिटरच्या गटात आंतरराष्ट्रीय ‘इंजिन ऑफ द इयर’ ठरलेलं. मारुतीनं त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटांनी क्वाड्राजेट, फियाटनं मल्टिजेट, शेवरलेनं स्मार्टेक. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एर्टिगा, सियाझ, इंडिका व्हिस्टा, मांझा, झेस्ट, पुंटो, लिनिया, सेल. शोरूममध्ये एकमेकांशी भांडणाऱ्या या सगळ्या गाड्यांच्या बॉनेटखाली एकच हृदय. मारुतीसाठी ते मानेसरला बनायचं, फियाट आणि टाटांसाठी पुण्याजवळ रांजणगावला. गाड्यांवर लिहिणाऱ्यांनी त्याला भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणून टाकलं, ते योग्यच होतं.

त्याचं शेपूट आणखी गमतीचं आहे. १२४८ला चारनं भागा, ३१२ येतात. तीननं गुणा, ९३६. शेवरले बीट डिझेलची क्षमता ९३६ सीसीच. मल्टिजेटमधला एक सिलिंडर कमी केला की बीट तयार. टाटांनी इंडिकाचं निम्मं केलं, शेवरलेनं मल्टिजेटचं पाऊण. एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ लागू झालं, मारुतीनं डिझेल गाड्या बंद केल्या आणि डी१३एचा कारभार आटोपला. पण सेकंड हँड बाजारात १२४८ हा आकडा आजही गिऱ्हाईक ओढतो.

पीथमपूरची कमाल

इंदूरजवळचं पीथमपूर या गोष्टीत वारंवार येतं. हिंदुस्थान मोटर्सनं तिथं इसुझुची इंजिनं बनवली. अँबेसिडरमध्ये आलेलं १.८ लिटरचं इसुझु इंजिन तिथलंच, १८१७ सीसी. आयशरनं मित्सुबिशीच्या साथीनं १९८६पासून तिथं कँटर बांधला. त्याचं इंजिन ४डी३१: ४ सिलिंडर, डी म्हणजे डिझेल, पुढचे आकडे घराण्याचे. मित्सुबिशीच्या पेट्रोल इंजिनात डीच्या जागी जी येतो, म्हणून लान्सरचं ४जी१५. कोड वाचला की टाकीत काय भरायचं तेही कळतं! पुढे २०१३ साली व्होल्वो आणि आयशरनं पीथमपूरला नवा इंजिन कारखाना सुरू केला. तिथल्या व्हीईडीएक्स ५ आणि ८मधले आकडे सरळ लिटरचे, पाच आणि आठ. ही इंजिनं युरोपातल्या व्होल्वोच्या ट्रकांसाठीही जातात.

तूफान आणि ट्रॅक्सचा कारखानाही पीथमपूरला. फोर्स, म्हणजे पूर्वीची बजाज टेम्पो, ज्या इंजिनावर इतकी वर्षं उभी राहिली ते मर्सिडीजचं ओएम ६१६. ओएम म्हणजे डिझेल, नुसता एम असेल तर पेट्रोल. पण ६१६मधून ना सिलिंडर कळतात, ना क्षमता. तो मर्सिडीजच्या घरातला नुसता अनुक्रम. सुमारे २४०० सीसीचं हेच इंजिन जर्मनीत मर्सिडीज २४० डीमध्ये होतं, म्हणजे त्या काळच्या टॅक्सीवाल्यांच्या आवडत्या गाडीत. त्याच घराण्याच्या इंजिनावर खकनार-धूळकोटकडची माणसं बऱ्हाणपूरच्या बाजाराला येतात.

टोयोटा याच्या उलट, भरपूर बोलते पण आकाराबद्दल गप्प. इनोव्हाचं २केडी-एफटीव्ही: केडी घराण्यातलं दुसरं, टी म्हणजे टर्बो, व्ही म्हणजे कॉमन रेल डिझेल. २४९४ सीसी मात्र पाठ करूनच ठेवावे लागतात. होंडाचं एल१५ वाचायला सोपं, दीड लिटर.

जुन्या प्रीमियरनं तर इंजिनच गाडीच्या नावात घातलं. ११८ एनईमधला एनई म्हणजे निस्सान इंजिन, ११७१ सीसी. पद्मिनी १३७ डी म्हणजे १.३७ लिटरची डिझेल, १३६६ सीसी.

दुकानात जाताना

या सगळ्याचा रोजचा उपयोग स्पेअर पार्टच्या काउंटरवर होतो. ‘ऑल्टोचं हेड गॅस्केट द्या’ एवढं पुरत नाही. ऑल्टो एफ८डीवर आली, एफ१०डीवर आली, पुढे के१०बीवरही आली, आणि ८००च्याही काही गाड्यांत बारा व्हॉल्व्हचं इंजिन बसलेलं आहे. कोड सांगितला की दुकानदार दुसरा प्रश्न विचारत नाही. तो कोड शोधायला बॉनेट उघडावं लागतंच असं नाही. आरसीवरच्या इंजिन नंबरची पहिली तीन-चार अक्षरं म्हणजे बहुतेक वेळा तोच: एफ८डी, के१०बी, डी१३ए, २केडी, ४७५.

जुनी गाडी घेताना मात्र बॉनेट उघडाच. ब्लॉकवर ठोकलेला नंबर आणि आरसीवरचा नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. इंजिन बदललेलं असेल आणि आरटीओत त्याची नोंद नसेल, तर नाव बदलण्यापासून विम्यापर्यंत सगळीकडे अडतं. तिथं खाडाखोड किंवा घासल्याच्या खुणा दिसल्या, तर भाव कितीही कमी सांगितला तरी ती गाडी सोडून द्या.