खेळातली चाल आणि चालीतला खेळ



या वर्षी २६ जानेवारीला आपल्या लेझीम पथकाचे काय झाले ते तुम्ही पाहिलेच आहे. हलगी माझ्याकडे होती. मैदानाभोवती गाव जमलेला, मला चेव आला आणि मी हलगी जोरात घेतली. माझा हात भराभर चालला, पण पुढच्या रांगेतल्या चौथीच्या मुलांचे पाय काही तेवढे चालेनात. एक रांग उजवीकडे गेली, दुसरी डावीकडे. लेझमा एकमेकींत अडकल्या आणि एक मुलगी गुडघ्यावर पडली. बाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "अरे, वाजवणाऱ्याने नाचणाऱ्याच्या पायाकडे बघायचं असतं."

तेव्हा मला त्याचा राग आला होता. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे गेलो आणि मामेभावाच्या संगणकावर जुने व्हिडिओ गेम खेळताना बाईंच्या वाक्याचा अर्थ कळला. तो कसा कळला ते सांगण्यासाठी हा लेख.

"अभ्यास सोडून व्हिडिओ गेमवर लेख?" असे काही पालकांना वाटेल. पण पालकांनो, तुमच्यापैकी कित्येकांनी हे खेळ लहानपणी खेळलेले असणार! मी घरी मारिओची चाल नुसती गुणगुणली, तर पुढची ओळ आमच्या बाबांनी पुरी केली. मी बघतच राहिलो. १९९० नंतरच्या काळात तालुक्याच्या बाजारात तासावर पैसे घेऊन व्हिडिओ गेम खेळायला देत, तिथे ते बाजारच्या दिवशी जात असत. एवढी वर्षे झाली तरी चाल डोक्यात शाबूत! मग त्या चालीत काहीतरी असलेच पाहिजे.

हा खेळ असतो कसा?

या खेळात पडद्यावर एक चित्र दिसते. ते चित्र कागदासारखे सपाट असते. त्यात एक गडी डावीकडून उजवीकडे धावतो, खड्ड्यांवरून उडी मारतो, विटांच्या ओट्यांवर चढतो आणि शत्रू चुकवतो. असे खेळ पुष्कळ आहेत. मी त्यांतले तीन निवडले आहेत.

पहिला खेळ : सुपर मारिओ ब्रदर्स

हा खेळ जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८५ साली काढला. तो शिगेरु मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी रचला आणि संगीत कोजी कोंडो यांनी दिले. मारिओ हा मिशीवाला प्लंबर. बटण नुसते टेकवले तर उडी छोटी, दाबून धरले तर उंच. आठ जगे आणि प्रत्येकात चार टप्पे, म्हणजे एकूण ३२ टप्पे.

हा सगळा खेळ ४० किलोबाइट जागेत बसवला आहे. मोबाईलवर काढलेला एक साधा फोटोसुद्धा याहून कितीतरी मोठा असतो. म्हणून त्या लोकांनी फार काटकसर केली. खेळातले ढग आणि झुडपे नीट बघा. दोन्हींचे चित्र एकच आहे, फक्त ढगाला पांढरा रंग आणि झुडपाला हिरवा!

आवाजातही तशीच काटकसर. त्या यंत्रात, म्हणजे फॅमिकॉममध्ये, या गाण्यांसाठी चारच आवाज वापरले आहेत. दोन आवाज पिपाणीसारखे, त्यांवर मुख्य चाल आणि तिची साथ. तिसरा आवाज मऊ, तो खालचा जाड सूर धरतो. चौथ्याला सूरच नाही, नुसती खसखस. ती तालावर तोडून वाजवली की झांज किंवा ढोलकी वाजल्यासारखी वाटते. त्यातच उडीचा आणि नाण्याचा आवाजही बसवायचा. त्यामुळे मारिओने उडी मारली की वाजणाऱ्या गाण्यातला एक आवाज क्षणभर गप्प होतो आणि जागा देतो. एका बाकावर चौघे बसलेले असताना पाचवा आला की एकाला उठावे लागते, तसेच हे. खेळताना मात्र आपल्याला ते कळतही नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. कोंडो यांनी पहिल्यांदा जी चाल बांधली होती ती त्यांनी बाजूला ठेवली. चाल वाईट होती म्हणून नव्हे. ती मारिओच्या धावण्या-उडण्याला जुळेना म्हणून. मग त्यांनी मारिओच्या हालचालीकडे बघून दुसरी बांधली. तीच आज जगाला पाठ आहे. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या मोठ्या ग्रंथालयात जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांची एक यादी ठेवतात. २०२३ साली त्या यादीत ही चाल घेतली गेली. व्हिडिओ गेमचे संगीत त्या यादीत येण्याची ती पहिलीच वेळ.

हे वाचले आणि मला बाई आठवल्या. पायाकडे बघायचं असतं, ते हेच!

खेळात जागा बदलली की चाल बदलते. उघड्यावर चाल आनंदी. तळघरात थोडेच सूर, मध्ये एकदम शांतता, जणू कुणी दबकून चालते आहे. किल्ल्यात सूर बेचैन, गरगर फिरणारे. चांदणी मिळाली की वेगळीच घाईची चाल लागते. ती चालू आहे तोवर शत्रूला नुसता धक्का लागला तरी तो पडतो. चाल पालटली की आपण सांभाळायचे. म्हणजे चाल आपल्याला खेळाचा नियमच सांगत असते.

आणखी एक गंमत. वर कोपऱ्यात घड्याळ उलटे चालते. ते १०० च्या खाली आले की आधी इशाऱ्याचे छोटे सूर वाजतात आणि मग तेच गाणे भराभर वाजू लागते. मारिओचे पाय मात्र पूर्वीइतकेच धावतात! फक्त आपल्या बोटांना घाई सुटते आणि नको तिथे उडी पडते. मी पहिल्यांदा असाच खड्ड्यात पडलो आणि मनात म्हटले, अरे, २६ जानेवारीला मी हेच केले की! पाय तेवढेच आणि हलगी दुप्पट. कोंडो यांनी ते मुद्दाम केले आणि आधी इशारा दिला. मी इशाराही दिला नव्हता.

दुसरा खेळ : सोनिक द हेजहॉग

हा खेळ सेगा कंपनीने १९९१ साली मेगा ड्राइव्ह या यंत्रासाठी काढला. सोनिक हा निळ्या रंगाचा काटेरी प्राणी. आपल्या साळिंदराची आठवण होते, पण खरा हेजहॉग साळिंदरापेक्षा खूपच लहान असतो. मारिओ तोलूनमापून उडी मारतो, तर सोनिक उतारावरून वेग घेतो, अंगाचा चेंडू करून गडगडत जातो आणि गोल कमानीत उलटा होऊन बाहेर पडतो. वाटेत सोनेरी कड्या असतात. जवळ एक जरी कडी असली तरी शत्रूचा धक्का लागून जीव जात नाही, कड्या मात्र विखुरतात.

याचे संगीत मासातो नाकामुरा यांनी दिले. ते जपानमधल्या 'ड्रीम्स कम ट्रू' या प्रसिद्ध वाद्यवृंदात बास गिटार वाजवतात आणि गाणी बांधतात. म्हणून सोनिकची गाणी खरोखरच्या गाण्यांसारखी लांब श्वासाची वाटतात. यंत्रही मारिओच्या यंत्रापेक्षा पुढचे होते. त्यात आवाजाच्या दोन चकत्या. एकीत सहा आवाज, दुसरीत चार, असे दहा. त्या सहा आवाजांत एका लहरीने दुसरी लहर हलवून नवा आवाज तयार करतात. त्यामुळे घंटेसारखा किंवा ठणठणीत तारेसारखा आवाज निघतो.

सोनिकला वेगाचे बूट मिळाले की गाणे जलद होते, पण इथे सोनिकही खरोखर जलद पळतो. पाय आणि ताल दोन्ही बरोबर वाढतात. मारिओत घाई फक्त कानाला होते, सोनिकमध्ये पायालाही. हा फरक मला फार आवडला.

तिसरा खेळ : डाँकी काँग कंट्री

हा १९९४ सालचा. इंग्लंडमधल्या रेअर या कंपनीने तो सुपर निन्टेंडो या यंत्रासाठी केला. यात डाँकी नावाचा गोरिला आणि डिडी नावाचा लहान चिंपांझी जोडीने जंगलातून जातात, पिंपे फेकतात, वेलींना लोंबकळतात. वरती उलटे घड्याळ नाही. संगीत देणाऱ्यांत डेव्हिड वाइज हे मुख्य. या यंत्रात आठ आवाज, आणि ते खऱ्या आवाजांचे लहान लहान तुकडे साठवून त्यांतून सूर काढते. पण ते साठवायला जागा फक्त ६४ किलोबाइट. म्हणजे इथेही काटकसर आलीच. तरी यात जंगलातले ढोल ऐकू येतात.

तिन्ही खेळांतले पाणी

आता खरी तुलना. तिन्ही खेळांत गडी पाण्यात उतरतो. पाणी एकच, पण चाली बघा.

मारिओच्या पाण्यात तीन मात्रांचा झोका आहे, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. बटण दाबले की मारिओ एक हात मारून वर येतो, सोडले की सावकाश खाली जातो. झोक्याची चाल त्याला अगदी बसते. तिथे श्वास संपण्याची भीती नाही.

सोनिकला पोहता येत नाही. तो तळाशी जड पावलांनी चालतो आणि सुमारे अर्ध्या मिनिटात त्याचा श्वास संपतो. संपत आला की नेहमीचे गाणे बंद होते आणि एक भयंकर चाल सुरू होते. ती क्षणाक्षणाला वेग घेते आणि सोनिकच्या डोक्यावर पाच, चार, तीन असे आकडे येतात. हवेचा मोठा बुडबुडा सापडला तरच सुटका. गेल्या पावसाळ्यात ओढ्यात पाय सरकून मी गटांगळी खाल्ली होती. तेव्हा छातीत अगदी असेच वाजत होते.

डाँकी काँगच्या पाण्यात श्वास संपत नाही आणि घड्याळही नाही. म्हणून डेव्हिड वाइज यांनी तिथे लांबलचक, शांत सूर ठेवले. शत्रू मासे समोरून येतात, तरी मन घाबरत नाही. दुपारी विहिरीत डोकावल्यावर जसे गार वाटते तसे वाटते.

म्हणजे पाणी दिसते म्हणून चाल लावलेली नाही. त्या पाण्याचा नियम काय, गडी तिथे कसा हलतो, हे पाहून चाल लावलेली आहे.

मी केलेला प्रयोग

मामीला दुपारी झोपायचे होते, म्हणून तिने आवाज बंद करायला लावला. मी तसाच खेळलो. मारिओ बराच पुढे गेला, पण चांदणीची शक्ती कधी संपली ते समजले नाही. सोनिक तर पाण्यात पुन्हा पुन्हा बुडाला, कारण माझे डोळे शत्रूवर होते आणि आकड्यांकडे लक्षच गेले नाही. डाँकी काँगमध्ये फारसा फरक पडला नाही, नुसते सुनेसुने वाटले. यावरून मला असे दिसले की मारिओ आणि सोनिकमध्ये कान निम्मे काम करतात.

थोडक्यात

मारिओ : आवाज चार. चाल उडीला जुळणारी. घाई फक्त कानाला.
सोनिक : आवाज दहा. चाल वेगाला जुळणारी. घाई कानाला आणि पायालाही.
डाँकी काँग कंट्री : आवाज आठ. चाल जागेला जुळणारी. घाई नाही.

तिघांत श्रेष्ठ कोण, असे विचाराल तर मी मारिओला पहिला नंबर देईन. चारच आवाजांत त्याने सारे केले. मामेभाऊ सोनिकला देतो. आमचे त्यावर भांडणही झाले. तुमचे मत वेगळे असेल तर पुढच्या अंकासाठी जरूर लिहा.

पालकांनो, दिवसभर गेम खेळा असे मी म्हणत नाही. मलाही रोज एकच तास मिळत होता. पण खेळताना आवाज बंद करायला सांगू नका, एवढीच विनंती. (मामी झोपली असेल तर गोष्ट वेगळी.)

शेवटी लेझीमबद्दल. जी मुलगी पडली होती तिला मी हे सगळे सांगितले आणि "माझं चुकलं" असेही म्हणालो. ती म्हणाली, "सांगू नको, वाजवून दाखव." म्हणून १५ ऑगस्टच्या सरावात बाईंना विचारून मी तिला पहिल्या रांगेत, माझ्या समोरच उभे केले आहे. हलगी वाजवताना मी प्रेक्षकांकडे बघत नाही. तिच्या पायांकडे बघतो. ताल वाढवायचा असला की आधी दोन ठोके इशाऱ्याचे देतो. गेल्या शनिवारी रांग एकदाही मोडली नाही.

चूकभूल द्यावी घ्यावी.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी (हलगीवाला)