भाड्याच्या घरातील बुरशी: जबाबदारी कोणाची?

ताडोबाच्या जंगलपट्ट्याजवळच्या चिमूरमध्ये बदलीवर आलेले शिक्षक, बँकेचे व वनखात्याचे कर्मचारी किंवा खोली घेऊन शिकणारे विद्यार्थी ज्या भाड्याच्या घरांत राहतात, त्यांच्या भिंतींवर श्रावण-भाद्रपदात बुरशी चढली की दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा, यावरून घरमालक आणि भाडेकरू यांच्यात वाद उभा राहतो. या वादाचा न्याय्य निवाडा भिंतीत पाणी कोठून आले, यावर अवलंबून असतो.

बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिच्या प्रसाराचे अतिसूक्ष्म कण, हवेत सर्वत्र असतात आणि ओल टिकून राहिलेल्या रंगावर, लाकडावर किंवा कापडावर ते एक-दोन दिवसांतही रुजू लागतात. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दमा व श्वसनाच्या तक्रारी अधिक आढळतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 च्या मार्गदर्शक तत्त्वांत नमूद केले आहे. त्यामुळे हा प्रश्न केवळ रंगरंगोटीचा राहत नाही.

ओलीचा उगम भिंतच सांगते. जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पांढरा लोणा फुटून गिलाव्याचे पोपडे निघत असतील, तर पायातील ओलरोधक थर नाही किंवा निकामी झाला आहे, असे बहुधा समजावे. छताला तपकिरी कडेचे डाग पडले असतील, तर स्लॅबची वा कवेलूंची गळती संभवते. मात्र कपाटामागे किंवा कोपऱ्यात काळे ठिपके दिसत असतील आणि बाकी भिंत कोरडी असेल, तर बंद खिडक्या, खोलीत वाळत घातलेले कपडे आणि स्वयंपाकाची वाफ ही कारणे आधी तपासावीत. पहिले दोन दोष बांधकामाचे आहेत, तर तिसरा बराचसा वापराचा आहे, पण खोलीला पुरेशी खिडकीच नसेल तर त्याचेही मूळ बांधकामातच शोधावे लागते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 नुसार, भाडेकरूने वेगळे मान्य केले नसेल तर जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूला ती स्वतः करून, त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांश मर्यादेपर्यंत, खर्च भाड्यातून वळता करता येतो. परंतु हा कायदा त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या क्षेत्रांनाच लागू असल्याने आपले गाव त्यांत आहे की नाही, हे प्रत्येकाने आधी पाहून घ्यावे.

त्या क्षेत्रांबाहेर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 चे कलम 108 महत्त्वाचे ठरते. करार किंवा स्थानिक रूढी वेगळी नसेल, तर सहज न दिसणारा पण मालकाला ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष त्याने भाडेकरूला सांगितला पाहिजे आणि भाडेकरूने, सामान्य झीज वगळता, घर मिळाले त्याच स्थितीत परत केले पाहिजे, असे ते सांगते. जी दुरुस्ती करण्यास मालक बांधील आहे ती नोटिशीनंतरही त्याने टाळली, तर भाडेकरू ती करून खर्च व्याजासह वळता करू शकतो. मात्र मालक कोणत्या दुरुस्तीला बांधील आहे, हे मुख्यतः करारावरून ठरते.

‘लिव्ह अँड लायसन्स’ करारात राहणारा, म्हणजे केवळ वापराची परवानगी मिळालेला रहिवासी, कायद्याने भाडेकरू ठरत नाही. त्याला भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या कलम 57 चा आधार आहे, ज्यानुसार व्यक्तीला वा तिच्या मालमत्तेला धोकादायक ठरू शकणारा, मालकाला माहीत पण रहिवाशाला अज्ञात असलेला दोष मालकाने उघड केला पाहिजे.

म्हणून घर घेतानाच छताची गळती व पायातील ओल रोखण्याचे काम मालकाने आणि हवा खेळती ठेवण्याचे काम भाडेकरूने सांभाळावे, असे कलम करारात लिहून घ्यावे, भिंतींची तारखेसह छायाचित्रे दोघांनीही ठेवावीत आणि ओल दिसताच लेखी कळवावे. गळती तशीच ठेवून वरून चुना मारणाऱ्या मालकाला आणि पावसाळाभर खिडकीच न उघडणाऱ्या भाडेकरूला, दोघांनाही, ही जबाबदारी दुसऱ्यावर ढकलता येणार नाही.