विस्तवावाचून धुके

पाणी हवेत मिसळायचे तर त्याखाली विस्तव हवा, हा चुलीजवळचा रोजचा अनुभव. परंतु पाणी न उकळता, केवळ ध्वनीच्या जोरावर त्याचे धुके करणारे उपकरण आज कारखान्यात तसेच रुग्णाच्या उशाशी आढळते. नवल असे की, हा ध्वनी कानाला मुळीच ऐकू येत नाही.

माणसाच्या श्रवणाची मर्यादा सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांची. त्यापलीकडचा तो श्राव्यातीत ध्वनी. रॉबर्ट वुड आणि आल्फ्रेड लूमिस या अमेरिकन संशोधकांनी अशा प्रखर ध्वनीवरील आपले प्रयोग १९२७ साली प्रसिद्ध केले. द्रवाच्या पृष्ठभागातून धुके उठताना त्यांना दिसले होते.

या उपकरणाची रचना साधी असते. भांड्याच्या तळाशी एक विशिष्ट प्रकारची सिरॅमिक चकती बसवलेली असते. काही स्फटिक दाबले असता त्यांत वीज निर्माण होते, हे पिएर आणि जाक क्यूरी या बंधूंनी १८८० साली दाखवले होते. येथे त्याच गुणाची उलट बाजू कामी येते. दिशा पालटणाऱ्या विजेबरोबर चकती आकुंचन-प्रसरण पावते. घरगुती यंत्रात सेकंदाला सुमारे १७ लाख वेळा! ही कंपने वर पोहोचताच पाण्यावर अतिसूक्ष्म लाटांचे जाळे उमटते आणि लाटांच्या माथ्यांवरून थेंब तुटून हवेत उडतात. कंपने जितकी जलद, तितकी लाट आखूड आणि थेंब बारीक. सेकंदाला ४० हजार कंपने असतील तर थेंबाचा व्यास सुमारे ३५ मायक्रॉन भरतो; १७ लाख असतील तर जेमतेम तीन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

मोठे थेंब एखाद्या वस्तूवर पातळ, एकसारखा लेप चढविण्यास उपयोगी पडतात. औषधाचे मोठे थेंब मात्र घशातच अडकतात. एक ते पाच मायक्रॉनचे थेंब श्वासाबरोबर फुप्फुसांत खोलवर पोहोचतात. दम्याच्या रुग्णाला या धुक्याचा उपयोग होतो तो यामुळेच. तरीही सर्वच औषधे या यंत्रास मानवत नाहीत. काही उष्णतेने बिघडतात, तर काहींचे न विरघळलेले कण भांड्यातच मागे राहतात. म्हणून वैद्याचा सल्ला आवश्यक ठरतो.

हवेत ओलावा आणणाऱ्या घरगुती यंत्राबाबत तर अधिकच सावधगिरी हवी. पाणी उकळले असता क्षार तळाशी राहतात आणि शुद्ध वाफ वर जाते. ध्वनीने उडालेला थेंब मात्र पाण्यात विरघळलेले सर्व काही बरोबर नेतो. क्षारांची पांढरी पूड घरातील सामानावर बसते. साचलेल्या पाण्यातील जंतूही हवेत जातात. दक्षिण कोरियात अशा यंत्रांच्या पाण्यात जंतुनाशक द्रव मिसळण्याची प्रथा होती. तोच द्रव श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन अनेकांच्या, त्यांतही लहान मुलांच्या आणि गर्भवतींच्या, मृत्यूस कारण ठरला, हे २०११ साली उघडकीस आले.

तेव्हा यंत्रात घालायचे पाणी ऊर्ध्वपातित असावे, भांडे रोज रिकामे करून कोरडे करावे आणि त्यात परका पदार्थ मिसळू नये. जे भांड्यात पडेल, तेच अखेर श्वासात उतरणार आहे.